भोईरांचं मोईर कसं झालं? : जाड अक्षरांची गोष्ट

मागच्या लग्नसराईत घणसोलीचे एक काका आमच्या दुकानात शिरले ते हातातली पिवळी पत्रिका नाचवतच. पुतण्याच्या हळदीची पत्रिका होती. ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत हे डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून देण्याचं, दुकान आहे. आठवड्यातले तीन दिवस मी तिथे प्रुफं वाचायला बसते, त्यामुळे पत्रिका आधी माझ्याच पुढ्यात आली.

"ताई, जरा मोठ्यानं वाचा."

मी वाचलं, "समस्त मोईर परिवार, घणसोली."

"आता सांगा, आम्ही मोईर कधीपासून झालो?"

ऑपरेटरनं घाईघाईनं फाइल उघडली. पडद्यावर स्वच्छ 'भोईर' होतं. लेझर प्रिंटच्या प्रुफावरही 'भोईर'च होतं आणि त्याखाली माझी सही होती. मग मध्येच झालं काय?

झालं असं की, काम देताना काकांनी एकच सूचना केली होती : "सगळं बोल्ड करा, लांबून दिसलं पाहिजे." ऑपरेटरनं सगळा मजकूर निवडून बोल्डचं बटण दाबलं. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून अक्षरांना बाहेरून आणखी एक जाड कड दिली. त्यात सोनेरी शाई, खरबरीत कागद आणि स्क्रीन प्रिंटिंग. भ आणि म यांच्यात फरक तो किती? भच्या डोक्यावरची रेघ मध्ये तुटलेली असते आणि डाव्या टोकाला बारीकशी गाठ असते, मची रेघ सलग असते. प्रुफाच्या गुळगुळीत कागदावर ती सुताएवढी फट शिल्लक होती. पत्रिकेच्या कागदावर शाई पसरली, फट बुजली आणि अख्ख्या परिवाराचं आडनाव बदललं. पन्नास पत्रिका रद्दीत गेल्या. चूक ऑपरेटरची म्हणावी तर सही माझी होती.

त्या दिवसापासून कुणी "सगळं बोल्ड करा" म्हटलं की मी त्यांना स्टुलावर बसवून दोन गोष्टी सांगते. त्याच इथे लिहून काढते आहे.

बोल्डला आपण ठळक म्हणतो, जाड ठसा म्हणतो. पण जाड म्हणजे मोठं नव्हे, आणि शाई जास्त काळी असते असंही नाही. अक्षराची उंची तीच राहते, शाई तीच राहते, फक्त रेघ जाड होते. रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आक्रसते आणि तो शब्द शेजारच्यांपेक्षा काळा भासतो. कुठलंही छापील पान हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करून बघा. शब्द वाचता येणार नाहीत, मजकुराचे नुसते राखाडी पट्टे दिसतील. त्या राखाडीत जिथे काळा ठिपका उठून दिसतो, तिथे बोल्ड आहे. म्हणजे बोल्डची सगळी मातब्बरी शेजारच्या साध्या अक्षरांच्या जिवावर. सगळंच जाड केलं तर राखाडीच्या जागी काळा पट्टा येतो आणि त्यात ठिपका शोधून सापडत नाही. काकांना हवं होतं ते लांबून दिसणं. त्यासाठी अक्षर मोठं करावं लागतं. बटण मात्र दाबलं गेलं जाडीचं.

आता ही जाड अक्षरं आली कुठून, ते बघू. बोरूनं लिहिताना रेघ जाड-बारीक होतेच, ती टोकाच्या तिरक्या कापाची करामत. पण एकाच ओळीत तेच अक्षर एकदा साधं आणि एकदा मुद्दाम जाड, ही कल्पना त्या मानानं नवी आहे. आपले पोथ्या लिहिणारे लेखनिक वेगळीच युक्ती करत. बोरू तोच, शाई बदलायची. 'श्रीगणेशाय नमः', अध्याय संपल्याची 'इति' म्हणून येणारी ओळ, श्लोकाचे दंड हे हिंगुळाच्या लाल शाईनं लिहायचे, नाहीतर काळ्या अक्षरांवर गेरूचा हात फिरवायचा. जुन्या पोथीत शब्दांमध्ये मोकळी जागाही नसे, ओळ आपली एकसंध मालगाडीसारखी चाललेली. तिथे अध्याय कुठे संपला हे पान उलटता उलटता कळावं, म्हणून तो लाल रंग. अर्थावर जोर देण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ही खूणगाठ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युरोपातल्या मुद्रकांकडे बराच काळ वेगळी सोय होती. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनं १५०१ मध्ये तिरप्या अक्षरांचा, म्हणजे इटॅलिकचा, वापर सुरू केला. तेव्हा तो आख्खी पुस्तकं छापण्यासाठी होता, एखाददुसरा शब्द उठवण्यासाठी ते अक्षर पुढे वापरात आलं. जर्मन लोक त्यांच्या काळ्याकुट्ट फ्राक्टुर लिपीत शब्द उठवायला अक्षरं एकमेकांपासून लांब लांब बसवत. काळ्यातून काळं कसं उठणार, म्हणून पांढऱ्यानं काम भागवायचं. मला ही कल्पना फार आवडते.

जाड अक्षर खऱ्या अर्थानं अवतरलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर. लॉटऱ्या, दुकानं, करमणुकीचे खेळ यांच्या जाहिरातींसाठी गलेलठ्ठ अक्षरं पाडली गेली. उभ्या रेघा पोत्यासारख्या फुगलेल्या, आडव्या रेघा केसाएवढ्या. आपल्याकडच्या फ्लेक्सचे ते पणजोबा म्हणायला हरकत नाही. पण ही अक्षरं पुस्तकाच्या ओळीत बसवता येत नसत, ती स्वतंत्रपणे ओरडणारी होती.

ती सोय केली रॉबर्ट बेस्ली यानं. छपाईचे ठसे पाडणाऱ्या लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीनं १८४५ मध्ये त्याचं 'क्लॅरेंडन' नावाचं अक्षर बाजारात आणलं. त्याची खुबी अशी की ते जाड असूनही साध्या पुस्तकी अक्षरांच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच उंचीनं शहाण्यासारखं बसे. कोशकारांना हेच हवं होतं. कोश कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. शब्द शोधायचा, अर्थ बघायचा, मिटवायचा. शोधायचा शब्द जाड असला की बोट भराभर खाली सरकतं. बेस्लीनं डिझाइनची कायदेशीर नोंदणी केली होती, पण संरक्षण मिळालं तीनच वर्षांचं. ती संपल्यावर इतरांनी नकला काढल्या आणि इंग्लंडच्या छापखान्यांत 'क्लॅरेंडन' हा शब्द कुठल्याही जाड अक्षराला लावला जाऊ लागला. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसंच.

थोडक्यात, बोल्डच्या घराण्यात दोन आजोबा आहेत. एक भिंतीवरून ओरडणारे, दुसरे कोशात बसून, पोथीतल्या लाल शाईसारखे, बोटानं दाखवणारे. आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं पहिल्याची, मी दुसऱ्याची. दिवसभराचं भांडण तेच.

जाडीला नुसता अर्थच नेमून दिला, असाही एक नमुना आहे. अमेरिकेतल्या रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांत दुपारी बाराच्या आधीची वेळ साध्या आकड्यांत आणि नंतरची जाड आकड्यांत छापत. सकाळ-संध्याकाळ असं दर वेळी लिहायला नको. ठाण्याला फलाट बदलताना धावत वेळापत्रक बघणाऱ्याला यातली चतुराई लगेच कळेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) तर जाडीची फारशी गरजच नाही. मराठी शब्द देवनागरीत, अर्थ रोमनमध्ये. लिपी बदलते तिथे डोळा आपोआप थांबतो.

इथून पुढचा मामला खास आपला आहे. इंग्रजीवाल्याच्या हातात शब्द वेगळा दाखवायला बरीच हत्यारं आहेत : मोठी लिपी (कॅपिटल), त्याच मोठ्या लिपीची लहान आकाराची अक्षरं (स्मॉल कॅप्स), इटॅलिक, बोल्ड. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. इटॅलिकही मूळचं नाही. कॉम्प्युटर देवनागरी तिरपी करून देतो खरा, पण ते उभ्या अक्षराला धक्का मारून कलंडवलेलं असतं. शिरोरेषा आडवीच राहते, खालचं अक्षर घसरल्यासारखं दिसतं. मग पुस्तकाचं नाव, नवा पारिभाषिक शब्द, उपशीर्षक, मुलाखतीतला प्रश्न, बातमीच्या तोंडचं 'ठाणे :' हे सगळं एकट्या बोल्डच्या डोक्यावर येतं. (पुस्तकाच्या नावाला मी एकेरी अवतरण देते. तेवढाच बोल्डचा भार हलका.)

"मग जोर कशानं द्यायचा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मराठीला त्यासाठी देवानं 'च' दिला आहे. 'पाणी आज भरा' आणि 'पाणी आजच भरा' यांतला फरक सांगायला कुठल्याही फॉन्टची गरज लागत नाही. शिवाय 'तर' आहे, 'सुद्धा' आहे, 'मात्र' आहे, शब्द पुढेमागे करायची मुभा आहे. 'मी सांगितलं होतं', 'सांगितलं होतं मी'. दुसऱ्या वाक्यातला सूर न ऐकताही कळतो. इंग्रजी छापील मजकुरात जो जोर बऱ्याचदा इटॅलिकनं दाखवावा लागतो, तो आपण भाषेतच देतो. म्हणून वाक्यातला एखादा शब्द आवाज चढवल्यासारखा जाड केलेला दिसला की माझी पेन्सिल तिथे थांबते. 'आजच' असा च लावून वर तो शब्द जाडही केला असेल, तर एकाच माणसाला दोन टोप्या घातल्यासारखं होतं.

आमच्या सोसायटीच्या फळ्यावरचा नमुना दाखवते. पाणी बंद राहणार असल्याची सूचना होती. आठ ओळी, आठही जाड. 'सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की' जाड, 'सहकार्य करावे ही नम्र विनंती' जाड, खाली सेक्रेटरींचं नाव तर जाडही आणि अधोरेखितही. तारीख पाचव्या ओळीच्या पोटात कुठेतरी. लिफ्टची वाट बघताना माणूस फळ्याला चार-पाच सेकंद देतो, तेवढ्यात 'सर्व सन्माननीय सभासदांना' इतकंच वाचून होतं. तळमजल्यावरच्या आजींनी तेवढंच वाचलं आणि शुक्रवारी घरात पिंपभरही पाणी नव्हतं. पुढच्या वेळी मी सेक्रेटरींकडून कागद मागून घेतला. मजकुराला हात लावला नाही, सगळा साधा केला आणि 'शुक्रवारी सकाळी ९ ते शनिवारी सकाळी ९' एवढंच जाड ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, नोटीस फिकी वाटतेय." वाटू दे म्हटलं. त्या आठवड्यात त्यांना पाण्याची वेळ विचारायला कुणाचा फोन आला नाही.

आता अक्षराच्या पोटात शिरू, कारण मोईरचं मूळ तिथे आहे.

खरा जाड फॉन्ट म्हणजे साध्या अक्षराला बाहेरून चढवलेला रंगाचा हात नव्हे. ते अक्षर नव्यानं काढावं लागतं. उभी रेघ जाड करायची तर अक्षराला आडवी जागा थोडी वाढवून द्यावी लागते, नाहीतर पोट बुजतं. रोमनमध्ये हे त्यातल्या त्यात सोपं जातं. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. 'द्ध', 'ष्ट', 'ह्म' साध्या ठशातच अंग चोरून बसलेले असतात. सगळ्या रेघा सारख्याच जाड केल्या तर ओळीचा चिखल होतो. म्हणून बऱ्याच चांगल्या जाड फॉन्टांत शिरोरेषा उभ्या रेघेपेक्षा कमी जाड असते, सांधे आतून कोरलेले असतात, मची गाठ मोकळी ठेवलेली असते. भ आणि धच्या डोक्यावरची फट तर मुद्दाम रुंद करावी लागते. ती मिटली की भचा म होतो, तसाच धचा घ होतो आणि 'धन' हरवून 'घन' हातात येतो. बच्या पोटातली तिरकी रेघ बुजली तर तो ब की व, हे सांगणं कठीण.

असा वेगळा काढलेला जाड फॉन्ट कॉम्प्युटरमध्ये नसेल आणि तुम्ही बोल्डचं बटण दाबलंत, तर बरीच सॉफ्टवेअर गप्प बसत नाहीत. साध्याच अक्षराच्या कडा सगळीकडून सारख्या फुगवून देतात. याला खोटा बोल्ड म्हणतात. कॉम्प्युटरला भ म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याच्या लेखी ती एक आकृती असते. फट आणि गाठ यांना अर्थ आहे हे त्याला कळणार कसं?

यातलं सगळ्यांच्या हाताखालून गेलेलं उदाहरण म्हणजे 'मंगल'. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी, यांनी केलेला हा युनिकोड फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी आणि कचेऱ्यांत पोचला. जोशी एनसीएसटी या सॉफ्टवेअर तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेशी जोडलेले होते. ती पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली आणि सी-डॅक मुंबईचं एक कार्यालय आज आपल्या बेलापुरात, खारघर स्टेशनासमोर आहे. पण विंडोज ७ येईपर्यंत मंगलला स्वतःचा वेगळा जाड फॉन्ट नव्हता. त्याआधीच्या काळात मराठी अर्जांवर आणि पत्रांवर मंगलमधलं जे ठळक दिसलं, ते यंत्रानं फुगवलेलं होतं. मराठीत बोल्ड म्हणजे थोडं माखलेलंच दिसायचं, ही आपल्या डोळ्यांची सवय त्यातूनच पडली असावी, असा माझा समज आहे.

आज तशी लाचारी नाही. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा फुकट मिळणारा फॉन्ट सात वजनांत आहे. वजन म्हणजे जाडीची पायरी. सॉफ्टवेअरमध्ये या पायऱ्यांना १०० ते ९०० असे आकडे असतात, ४०० म्हणजे साधा आणि ७०० म्हणजे बोल्ड. फॉन्टच्या कुटुंबाला असे आकडे देण्याची पद्धत स्विस अक्षररचनाकार आद्रियान फ्रुटिगर यांच्या 'युनिव्हर्स' या फॉन्टनं १९५७ मध्ये गाजवली, फक्त त्यांचे आकडे दोन अंकी होते. इतक्या पायऱ्या दिसल्या की आमचा ऑपरेटर हरखतो आणि ४०० शेजारी ५०० लावतो. तसं करू नये. इतका थोडा फरक वाचणाऱ्याला चूक वाटतो, शाई कमी-जास्त झाल्यासारखा. फरक करायचा तर दिसेल असा करावा.

खरा आणि खोटा बोल्ड ओळखायची माझी पद्धत साधी आहे. 'भाग्यधन ब्रह्मर्षी' असे दोन असंबद्ध शब्द जाड करायचे आणि छापून बघायचे. भ, ध, ब, रफार, जोडाक्षर, सगळे आरोपी एका रांगेत. आणि बघायचं ते ज्या कागदावर छपाई होणार त्याच कागदावर. पडद्यावर दोनशे टक्के मोठं करून नव्हे. माझी सही चुकली होती ती इथेच.

खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांच्या, काळात हा खोटेपणा शक्यच नव्हता, कारण जाड अक्षर हवं तर शिशाचे जाड खिळे विकतच घ्यावे लागत. देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खिळे, त्यातच जाडाचा दुसरा संच म्हणजे आणखी तितकेच. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हात लांब करून दुसऱ्या केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतून, खिळा उचलावा लागे, मग तो चार वेळा विचार करून उचलत असणार. मुद्रितशोधकाची खूण त्या काळापासूनची आहे : शब्दाखाली सरळ रेघ म्हणजे इटॅलिक, नागमोडी रेघ म्हणजे बोल्ड. मी अजून ती वापरते. नव्या पोरांना वाटतं माझा हात थरथरला.

जिथे जाडी लागते तिथे मात्र कंजुषी नको. अन्नपदार्थांच्या पाकिटावर एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे जाड आणि मोठ्या अक्षरांत द्यावेत, या प्रस्तावाला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, जुलै २०२४ मध्ये मंजुरी दिली. दुकानात पाकीट उलटं करून चष्मा वर-खाली करणाऱ्या माणसाला आकडा सापडावा, यासाठीच ही धडपड. औषधाची मात्रा, परीक्षेची तारीख, भाडेकरारातली नोटिशीची मुदत यांचीही गोष्ट तीच. एक सावधगिरी : ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकाला त्याचं सॉफ्टवेअर सहसा सांगत नाही की हा शब्द जाड होता. त्यामुळे 'जाड अक्षरांतले प्रश्न सक्तीचे' असं अर्जावर छापलं, तर त्या माणसाला काहीच कळणार नाही. तिथे प्रश्नापुढे 'सक्तीचा' असं लिहूनच टाकावं. आणि फोनवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे टाकून निरोप जाड करण्याबद्दल मी बोलत नाही, आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझं कुणी ऐकत नाही.

तर भोईरांची पत्रिका. काकांना मी आधी जुनं कार्ड आणि मग दोन नवे नमुने दाखवले. खरा जाड फॉन्ट घेतला, कड काढून टाकली. नवऱ्या मुलाचं नाव, हळदीची तारीख आणि मंडपाची जागा जाड. 'समस्त भोईर परिवार' साधं, पण दीडपट मोठं. बाकी निमंत्रक, संयोजक, किलबिल सगळं साध्या ठशात. काकांनी पत्रिका लांब धरली, डोळे बारीक केले, मान डोलावली. मग बोट फिरवत फिरवत निमंत्रकांच्या यादीवर आले.

"माझं नाव बारीक झालं की ताई."

"काका, सगळ्यांचंच साधं आहे. उंची तेवढीच आहे."

"ते खरं. पण मी थोरला ना."

ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. मी पेन्सिल उचलली आणि काकांच्या नावाखाली एक नागमोडी रेघ मारली.